पटकथा स्पर्धा जिंकली की एजंट मिळतो का?

घोडबंदरकर

ठाण्यातल्या आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला एखाद्या परदेशी पटकथा स्पर्धेची लिंक येऊन पडते. फी डॉलरमध्ये, लेखी अभिप्राय हवा असेल तर जादा पैसे, आणि खाली ठळक अक्षरांत आश्वासन: विजेत्याची हॉलिवूडच्या एजंटांशी, म्हणजे लेखकाच्या वतीने काम आणि मानधनाची बोलणी करणाऱ्यांशी, गाठ घालून देऊ. नुकती नोकरी लागलेली मुलं पगारातून ही फी भरतात. माझं स्पष्ट मत आहे, अशा बहुतेक स्पर्धांमधून आपल्या माणसाला एजंट मिळत नाही.

अमेरिकेत एजंट अनोळखी माणसाची पटकथा सहसा उघडतच नाहीत. उद्या हाच माणूस 'माझी कथा चोरली' म्हणून कोर्टात खेचेल, ही धास्ती असते. त्यामुळे स्पर्धेचा निकाल तिथे चाळणी म्हणून वापरतात हे खरं, पण तो मान मोजक्याच स्पर्धांना आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल फेलोशिप घ्या. हजारो पटकथा येतात, फेलोशिप जास्तीत जास्त पाच, प्रत्येकी ३५,००० डॉलरची. तिथे शेवटच्या फेरीत नाव आलं तर फोन येतात. २०२५पासून तिथलाही थेट प्रवेश बंद झालाय, 'ब्लॅक लिस्ट'सारख्या संकेतस्थळामार्फत किंवा विद्यापीठांमार्फत जावं लागतं. बाकीच्या असंख्य स्पर्धांत उपांत्य फेरी गाठली तरी तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आणि समजा, आलाच फोन. तिथला एजंट लेखकाच्या कमाईतल्या दहा टक्क्यांवर जगतो. त्याला पुढच्या आठवड्यात मीटिंगला हजर होणारा लेखक हवा असतो. कासारवडवलीत राहणाऱ्या, तिथे काम करायचा व्हिसा नसलेल्या लेखकावर तो वेळ का घालवेल?

मराठीत तर लेखक आणि निर्माता अजून थेटच बोलतात. आमच्या घोडबंदर रोडला मालिकांचे सेट आहेत. तिथे पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, आणि वर चॅनेलचे क्रिएटिव्ह. कुठली स्पर्धा जिंकलास, असं तिथे कुणी विचारत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत एपिसोड देशील का, एवढंच विचारतात.

नेरुळची

फीबद्दल तुमचं बरोबर आहे. बाकीचं मला अजिबात पटलेलं नाही.

ज्याच्या नात्यागोत्यात सिनेमातलं कुणी नाही, त्याने करायचं काय? नेरुळहून हार्बरने कुर्ला, तिथून घाटकोपर, मग मेट्रो पकडून अंधेरी. तिथल्या ऑफिसात निर्मात्याच्या सहायकाचा सहायक भेटतो आणि 'मेल करून ठेवा' म्हणतो. ती मेल पुढे कुणी उघडत नाही. बऱ्याच स्पर्धांत पटकथेवर लेखकाचं नाव घालायलाच मनाई असते. तुम्ही कुणाचे कोण, हा प्रश्न निदान वाचताना तरी मधे येत नाही. माझ्यासारखीला ही फार मोठी गोष्ट आहे.

'लापता लेडीज'चंच घ्या. बिप्लब गोस्वामींची 'टू ब्राइड्स' ही पटकथा २०१८च्या सिनेस्तान स्पर्धेत उपविजेती ठरली. पहिलीसुद्धा नाही! परीक्षकांत आमिर खान होते. त्यांनी ती किरण राव यांच्यापर्यंत पोचवली, मार्च २०२४मध्ये सिनेमा लागला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तोच गेला. कुठल्या एजंटने हे करून दिलं असतं?

घोडबंदरकर

ताई, हे उदाहरण माझंच म्हणणं पक्कं करतं. तिथे परीक्षकच निर्माता होता. त्याने कथा वाचली, आवडली, घेतली. याला खरेदी म्हणतात. एजंट म्हणजे तुमचा प्रतिनिधी, तुमच्या बाजूने बसून मानधन, श्रेय आणि पुढचं काम यांसाठी भांडणारा माणूस. त्या सिनेमाची पटकथा आणि संवाद पुढे स्नेहा देसाईंनी लिहिले, गोस्वामींचं श्रेय कथेचं आहे. देसाईंचं काम उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'स्पर्धा जिंकली की आपली पटकथा जशीच्या तशी पडद्यावर जाते' असं पोरांना वाटतं, ते तसं नसतं.

म्हणून परीक्षक कोण आहेत ते आधी बघा. सिनेमा काढणारी माणसं असतील तर जरूर पाठवा. 'उद्योगातील अनुभवी वाचक' एवढंच लिहिलं असेल तर लांब राहा.

वाशीतला वकील

दोघांच्याही नजरेतून एक बाब सुटली. २०२५मध्ये याच सिनेमावर उचलेगिरीचा आरोप झाला, तेव्हा गोस्वामींनी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडची नोंदणी पुढे केली. सविस्तर कथासार २०१४मध्ये नोंदवलेलं होतं, पूर्ण पटकथा २०१८मध्ये. स्पर्धेचं प्रमाणपत्र अशा वेळी दुय्यम ठरतं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. तेव्हा 'वन-लाइनर', म्हणजे एका ओळीतली कल्पना, नोंदवून निर्धास्त राहू नका, जेवढं तपशिलात लिहाल तेवढं बरं.

स्पर्धेच्या अटी वाचताना 'हक्क आयोजकांकडे राहतील' असं वाक्य कुठे दडलंय का ते शोधा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हक्क लेखी करारानेच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. एजंट पाठीशी नसेल तर हे तुमचं तुम्हालाच वाचायला हवं.

तलावपाळी

मी नाटकवाला, मला हा वाद जरा वेगळा दिसतो. पुरुषोत्तम, आयएनटी, सवाई, लोकांकिका या एकांकिका स्पर्धांतून मराठीत किती लेखक पुढे आले बघा. एजंट नावाचा प्राणी तिथे कधीच नव्हता. कारण एकांकिका समोर उभी राहते. लोक कुठे हसले, कुठे खोकायला लागले, हे मागच्या रांगेत बसलेल्या निर्मात्याला कळतं. प्रयोग संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर तो विचारतो, "लेखक कोण रे?" की झालं काम. पटकथा वाचतो एकटा वाचक, त्या दिवशीच्या ढिगातली कितवी तरी. नव्या मुलांनी आधी एकांकिका लिहावी असं माझं ठाम मत आहे.

नेरुळची

दादा, एकांकिकेला ग्रुप लागतो. कॉलेज लागतं, रात्री बारापर्यंत तालमी करणारी पोरं लागतात, हॉलचं भाडं लागतं. मी चाळिशीतली बाई, नोकरी करते, घरी सासूबाईंची औषधं आणि मुलीची दहावी आहे. मला कोण तालमीला घेणार? पटकथा मी सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटी लिहू शकते आणि स्पर्धेला एकटी पाठवू शकते. शेवटची तारीख डोक्यावर असते म्हणून ती पुरी होते, नाहीतर पहिल्या तीस पानांवरच अडून राहिली असती. तुम्ही सगळे 'स्पर्धेने काय मिळतं' ते मोजताय. ज्यांच्यासाठी दुसरा दरवाजाच उघडा नाही त्यांचा हिशेब वेगळा असतो.

तलावपाळी

हे मात्र खरं आहे. कॉलेज सुटलं की आमच्याकडची वाट अरुंद होते, बायकांची तर फारच.

ऐरोली ९५

सगळं वाचतोय. माझी मराठी पटकथा पूर्ण झालीय, बाउंड स्क्रिप्ट तयार आहे. आधी एजंट शोधू की स्पर्धेला पाठवू?

घोडबंदरकर

आधी असोसिएशनचा सभासद हो आणि ऑनलाइन नोंदणी कर. मग एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, स्क्रीनरायटर्स लॅबला अर्ज कर. निवड होते मोजक्या पटकथांची, पण त्यांच्यावर जाणकारांसोबत बसून काम होतं आणि मग गोव्याच्या फिल्म बाजारात निर्मात्यांसमोर मांडायला मिळतं. कनु बहल यांचा 'तितली' त्याच लॅबमधून गेला आणि २०१४मध्ये कान चित्रपट महोत्सवाला पोचला. ही माझ्या लेखी स्पर्धाच नव्हे. डॉलरवाल्या लिंक सोडून दे.

नेरुळची

लॅब हीसुद्धा निवडच आहे हो, नाव बदललं म्हणून काय झालं! ऐरोलीकर, लॅबला पाठवाच, आणि परीक्षकांची नावं जाहीर करणारी एखादी स्पर्धाही सोडू नका. निकाल लागला की त्याच आठवड्यात निर्मात्यांना मेल करा, विषयाच्या ओळीतच स्पर्धेचं नाव आणि कुठल्या फेरीपर्यंत गेलात ते लिहा. सोबत एक पानाचं कथासार द्या, अख्खी पटकथा त्यांनी मागितल्याशिवाय पाठवू नका.