चौघे चार दिशांनी भोगव्याला : निर्जन किनाऱ्यावर एकमेकांना गाठायचे कसे?

कोपरीवासी (ठाणे पूर्व) :

नमस्कार. आम्ही चार मित्र एकेकाळी कोपरीत एकाच इमारतीत राहत होतो. आता तिथे मी एकटाच उरलो आहे; एक जण नेरूळला, एक कोल्हापूरला आणि एक पणजीला स्थायिक झाला आहे. गेली कित्येक वर्षे आमची भेट म्हणजे कोणाच्या तरी लग्नात मांडवाच्या दाराशी उभ्याउभ्या मारलेल्या पाच मिनिटांच्या गप्पा, इतकीच. येत्या जानेवारीत मात्र सॅक पाठीला लावून, स्वतःची गाडी न नेता, सिंधुदुर्गात भोगवे-निवतीच्या बाजूला एखाद्या एकांत किनाऱ्यावर दोन रात्री काढायचे ठरवले आहे. तारकर्ली मुद्दाम टाळली आहे, कारण तिथे शनिवार-रविवारी बोटींची आणि माणसांची जी गर्दी असते, तिच्यात चौघांना निवांत बोलता येईल असे वाटत नाही.

अडचण अशी की आम्ही चौघे तीन वाटांनी येणार. मी आणि नेरूळचा मित्र तेवढे एका रेल्वेगाडीने. किनाऱ्यावर काही ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही असे ऐकतो. अशा वेळी भेटीची जागा नेमकी कोणती ठरवावी, आणि तंबू सोबत न्यावा की गावात घरगुती राहण्याची सोय बघावी, याबद्दल प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगितल्यास आभारी राहीन.

ट्रान्सहार्बर (ऐरोली) :

मी आधी रेल्वेचे सांगतो, कारण तुम्हा दोघांची चुकामूक किनाऱ्यावर होण्याआधी तिकिटावरच होण्याची शक्यता जास्त आहे. शुक्रवारी रात्री निघायचे असेल तर कोकणकन्या सोयीची आहे. ती सकाळी कुडाळला उतरवते. परंतु ही गाडी ठाण्याला मध्यरात्रीच्या थोडी आधी येते आणि पनवेलला पोहोचेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे गाडी एकच, रात्र एकच, पण ठाण्याहून चढणाऱ्याने शुक्रवारच्या तारखेचे तिकीट काढायचे आणि पनवेलहून चढणाऱ्याने शनिवारच्या. नेरूळच्या मित्राने सवयीने पनवेलहून शुक्रवारची तारीख टाकली, तर त्याच्या हाती आदल्या रात्री मुंबईहून सुटलेल्या गाडीचे तिकीट पडेल आणि ती गाडी तो घरून निघण्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असेल. तुतारीचेही तसेच आहे. ती दादरहूनच मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तिला सगळ्यांसाठीच पुढची तारीख लागते.

माझा सल्ला असा की दोघांचे एकत्र तिकीट ठाण्याहून काढावे आणि नेरूळच्या गृहस्थांनी ट्रान्सहार्बरची लोकल पकडून ठाण्याला यावे. उलटा प्रवास होतो हे खरे, पण निदान दोघे एका डब्यात बसाल. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, तेव्हा त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच तयारीत बसा. जानेवारीतल्या शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली असेल तर शयनयानातल्या जागा बघता बघता संपतात. दिवसा जायची तयारी असेल तर दिवा-सावंतवाडी गाडी आहेच. ती प्रत्येक लहानमोठ्या स्थानकाची विचारपूस करत जाते, पण दिवाळीत आरक्षणाविना अडकलेल्या माझ्यासारख्या अनेकांना तिनेच घरी पोहोचवले आहे.

खारघरची वाटसरू :

भेटीच्या जागेबद्दल आमची फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. आम्ही सहा मैत्रिणी दोन गटांत निवतीला निघालो होतो. तिघी रेल्वेने आणि तिघी मालवणहून रिक्षाने. ‘निवतीच्या किनाऱ्यावर भेटू’ एवढेच ठरले होते. त्या भागात किल्ले निवती वेगळे आणि निवती मेढा वेगळे, मध्ये किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हते. आम्ही तिघी डोंगराच्या एका अंगाला वाळूत बसून राहिलो आणि त्या तिघी दुसऱ्या अंगाला. सरळ रेषेत पाहिले तर हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. पण वाट विचारली तर प्रत्येक जण रस्त्याने वळसा घालायला सांगत होता. फोन लागेना. नकाशाचे ॲप दोन्ही गटांना ‘तुम्ही पोहोचलात’ असेच दाखवत होते, कारण दोघींनी टाकलेली खूणच वेगवेगळी होती. तीन तासांनी एका मासे विकणाऱ्या मावशींनी आम्हाला सांगितले, ‘पलीकडे तुमच्यासारख्याच तीन पोरी रडकुंडीला येऊन बसल्या आहेत.’ त्या मावशी टोपली घेऊन दोन्ही वाड्यांत फिरत होत्या, म्हणून आमची भेट झाली.

तेव्हापासून मी एक पाळते : निर्जन किनाऱ्यावर भेटायचे असेल तर किनाऱ्यावर भेटायचेच नाही, त्याच्या आधीच्या शेवटच्या गजबजलेल्या ठिकाणी भेटायचे. तुमच्या बाबतीत ते ठिकाण म्हणजे परुळे बाजार. कुडाळ, मालवण आणि वेंगुर्ले या तिन्ही बाजूंचे रस्ते तिथे येतात, त्यामुळे कोण कुठून येणार याने फरक पडत नाही. कुडाळला भेटू असे म्हणाल तर तिथेही रेल्वे स्थानक वेगळे आणि एसटी स्टँड वेगळा, हे ध्यानात ठेवा. शिवाय किती वेळ वाट पाहायची आणि त्यानंतर काय करायचे हेही निघण्याआधीच ठरवा. आम्ही आता एक तास थांबतो. तोवर कोणी आले नाही तर ठरलेल्या दुकानात चिठ्ठी ठेवून पुढे जातो. हे फार जुन्या वळणाचे वाटेल, पण दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी ठेवलेल्या चिठ्ठीला रेंज लागत नाही.

येऊरचा भटक्या :

तंबू जरूर न्या, असे मी म्हणेन. दोन माणसांचा हलका तंबू फार जड नसतो आणि रात्री समुद्राच्या आवाजात झोपण्याची गंमत खोलीत येत नाही. जानेवारीत पावसाची धास्ती नाही. फक्त पहाटे दव इतके पडते की बाहेर ठेवलेले बूट ओले होतात, म्हणून वरचे आच्छादन काढून टाकू नका. पिण्याचे पाणी मात्र गावातून भरून न्यावे लागेल.

मूळ परुळे, मुक्काम वाशी :

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु तंबूच्या बाबतीत थोडे वेगळे सांगावेसे वाटते. शहरातून पाहताना जो किनारा निर्जन दिसतो, तो बहुधा फक्त त्या वेळेपुरता निर्जन असतो. भोगव्याच्या बाजूला काही ठिकाणी अजून रापण ओढतात. पहाटे होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात आणि मग दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस माणसे दोर धरून ते किनाऱ्याकडे ओढत आणतात. त्यासाठी त्यांना मोकळी वाळू लागते. एका हिवाळ्यात मी गावी असताना नेमक्या त्याच पट्ट्यात कोणी तरी दोन तंबू ठोकून गाढ झोपले होते. दोर तंबूच्या खुंट्यांत अडकला, ओढणाऱ्यांचा ताल मोडला आणि पहाटेच्या गार वाऱ्यात मालवणीतले जे काही शब्द त्या पाहुण्यांना ऐकावे लागले, ते इथे लिहिता येण्यासारखे नाहीत. तेव्हा तंबू लावायचाच असेल तर आधी वाडीतल्या एखाद्या घरी आणि ग्रामपंचायतीत विचारा. बहुतेक वेळा उत्तर असे येते की ‘रेतीत कशाला, आमच्या माडाच्या बागेत लावा.’ तिथे विहिरीचे पाणी आणि शौचालय दोन्ही मिळते. फक्त तंबू माडाच्या बरोबर खाली लावू नका, नारळ पडताना कोणाची ओळख विचारत नाही.

किनाऱ्यावर तंबूची जागा ओळखायची एक सोपी खूण आहे. वाळूवर पसरलेली, जांभळ्या फुलांची आणि दोन फाकांच्या जाड पानांची मर्यादवेल तुम्ही पाहिली असेल. नेहमीच्या भरतीचे पाणी जिथवर येते, त्याच्या वर ती वाढते, म्हणूनच तिला हे नाव. तिच्या समुद्राकडच्या बाजूला झोपायचे नाही, आणि प्रत्यक्ष वेलीवरही तंबू ठोकायचा नाही, कारण तीच वाळू धरून ठेवते. नोव्हेंबर ते मार्च हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे दिवस आहेत. मादी रात्री वर येऊन अंडी घालते आणि प्रखर उजेड दिसला तर परत फिरते. या कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. म्हणून शेकोटी आणि मोठे विजेरी दिवे वाळूवर नकोत.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती; त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त वर चढते आणि जास्त खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती बेताची. कालनिर्णय पाहून हा हिशेब ठाण्यात बसूनही करता येतो. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण खडकांवरून पलीकडच्या पुळणीत जायचे की नाही हे ठरवायला पुरतो. ओहोटीत चालत गेलात आणि गप्पांच्या नादात भरती लागली, तर परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

पोहण्याविषयी एवढेच सांगतो की कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते, त्या टोकाला कोणीही पाण्यात उतरू नये. ओहोटीच्या वेळी खाडीचे सगळे पाणी तिथून बाहेर ओढले जाते. मोकळ्या किनाऱ्यावरसुद्धा दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधला एक पट्टा तेवढा शांत आहे असे दिसले, तर तिथे पोहायला सोपे जाईल असे समजू नका. वर आलेले पाणी समुद्रात परत जाण्याचा तो रस्ता असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग आत या.

कोपरीवासी (ठाणे पूर्व) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री चौघे फोनवर एकत्र बोललो आणि बेत बदलला. कोल्हापूरचा मित्र राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असा एसटीने कुडाळला येईल. पणजीचा मित्र मोटारसायकलने शिरोडा-वेंगुर्ल्यावरून थेट परुळ्याला. भेट परुळे बाजारात, आदिनारायणाच्या देवळापाशी, शनिवारी दुपारी बारा वाजता. एक वाजेपर्यंत थांबायचे. पहिली रात्र वाडीतल्या घरी काढू आणि त्या घरच्यांनी हो म्हटले तरच दुसऱ्या रात्री बागेत तंबू लावू. आमचा शनिवार षष्ठीचा आहे, म्हणजे वरच्या हिशेबाने दुपारी साडेचारला पूर्ण भरती येते; तेव्हा खडकांवरून फिरण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळवर ढकलला आहे. हे बरोबर आहे ना? आणि कुडाळहून परुळ्याला जाताना एसटीचा भरवसा धरावा का?

मूळ परुळे, मुक्काम वाशी :

हिशेब बरोबर आहे. रविवारी सप्तमी असेल तर भरती सव्वापाचला आणि सकाळची ओहोटी अकराच्या सुमारास. नऊला निघालात तर जाऊन येण्यास पुरेसा वेळ मिळेल. एसटीचा भरवसा धरा, पण कुडाळ स्टँडच्या चौकशी खिडकीवर परतीच्या गाडीची वेळ जातानाच विचारून ठेवा. संध्याकाळी गावात येणारी शेवटची गाडी बहुधा वस्तीची असते. ती रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. सोमवारी सकाळची रेल्वे पकडायची असेल तर तीच गाडी उपयोगी पडेल. वाहक रात्री जिथे उतरतो, तिथे जाऊन त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की उद्या चार माणसे आणि चार सॅक आहेत.