लॉरेन्झो द मेदिचीने दगडी पात्रांवर आपले नाव का घातले?

पांथस्थ:
फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात अकीक, जास्पर आणि स्फटिकाची पात्रे पाहिली. त्यांतील अनेकांच्या अंगावरच पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सची सत्ता हाती असलेल्या लॉरेन्झो द मेदिचीचे नाव लॅटिन अक्षरांत ठळक कोरलेले आहे. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात, ते समजते. परंतु त्याच्या जन्माच्या कित्येक शतके आधी घडलेल्या पात्रांवर नाव घालणे म्हणजे त्यांचे मोल घालवणे नव्हे का?

जुनी वही:
त्या काळच्या दृष्टीने मुळीच नाही. अशी पात्रे तेव्हा चित्रांहून कितीतरी मोलाची मानली जात आणि ती आपली आहेत हे मिरवणे मानाचे होते. १४९२ मध्ये लॉरेन्झो वारल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली, तिच्यात आज नेपल्सला असलेल्या प्राचीन अकीक पात्राची, म्हणजे ‘ताझा फार्नेसे’ची, किंमत १०,००० फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) लावली आहे, तर चित्रकार फ्रा अँजेलिकोच्या नावावर नोंदलेल्या गोल चित्राची अवघी १००. शिवाय ‘LAV.R.MED’ या कोरीव नावातील ठिपक्यांमुळे ‘आर’ हे अक्षर सुटे पडते आणि काही अभ्यासक ते ‘रेक्स’, म्हणजे राजा, असे वाचतात. ज्याच्याकडे कोणतेही राजपद नव्हते अशा सावकार घराण्यातील माणसाची ही हौस मला तरी बोलकी वाटते.

शाण:
कारागिरीचाही विचार व्हावा. स्फटिक किंवा अकीक छिन्नीने कोरता येत नाही. फिरत्या चाकावर कुरुंदाची पूड आणि पाणी किंवा तेल सोडून तो कणाकणाने झिजवावा लागतो, आणि आतून पोखरताना एखादी शीर उलली की महिन्यांची मेहनत वाया जाते. पुढे मिलानच्या मिझेरोनी आणि साराक्की घराण्यांनी या कामात नाव काढले. ओत्ताव्हिओ मिझेरोनी तर १५८८ मध्ये सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या पदरी प्रागला गेला. पित्तीतच वास्तुकार बुओन्तालेन्तीच्या आराखड्यावरून १५८३ मध्ये घडवलेली लाजवर्दाची, म्हणजे गडद निळ्या दगडाची, सुरई आहे, तीही पाहिली असेलच. असे एकेक अक्षर झिजवून काढणे म्हणजे खोडसाळपणा नव्हे, मोठ्या खर्चाचे काम होते.

पांथस्थ:
सुरई पाहिली, पण तिच्या सोन्याच्या मुठींवरच नजर खिळली. ही सगळी पात्रे आजवर एकाच ठिकाणी राहिली का?

जुनी वही:
नाही. मेदिची घराण्यातलेच पोप सातवे क्लेमेंट यांनी त्यांतील बरीच पात्रे संतांचे अवशेष ठेवण्यासाठी सान लोरेन्झो चर्चला दिली. मद्याच्या पेल्यांत अस्थी आल्या, पण नाव तसेच राहिले, आणि आज लॉरेन्झोची पात्रे ओळखली जातात ती प्रामुख्याने त्यावरूनच.