थिंकपॅड टी४८० : रॅम वाढवताना जुनी ८ जीबीची पट्टी ठेवावी का?

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे वापरलेला विकत घेतलेला लेनोवो थिंकपॅड टी४८० आहे. टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबी, २४०० मेगाहर्ट्झ आणि दोनपैकी एक स्लॉट भरलेला दिसतो. एक्सेलची मोठी फाइल, ब्राउझरचे पुष्कळ टॅब आणि व्हिडिओ मीटिंग एकाच वेळी चालू असले की तो अक्षरशः अडतो. रिकाम्या स्लॉटमध्ये १६ जीबीची पट्टी घालण्याचा विचार आहे, पण ८ आणि १६ अशी विषम जोडी चालते का?

प्रतिसाद १
निश्चित चालते, जुनी पट्टी काढू नका. अशा जोडीत दोन्ही पट्ट्यांचे ८-८ जीबी मिळून ड्युअल चॅनेलमध्ये (एकाच वेळी दोन वाटांनी, म्हणून जलद) चालतात आणि उरलेले ८ जीबी सिंगल चॅनेलमध्ये (एकाच वाटेने) राहतात. आपल्या मशीनमध्ये ग्राफिक्सचा भाग मुख्य प्रोसेसरमध्येच असेल, तर तोही हीच रॅम वापरतो, त्यामुळे एकाच पट्टीपेक्षा ही रचना त्याला बरी पडते. घेताना डीडीआर४ सो-डिम (लॅपटॉपची आखूड पट्टी), २६० पिन, १.२ व्होल्ट एवढे पाहावे. दुकानात २६६६ किंवा ३२०० ची पट्टी मिळाली तरी हरकत नाही, कारण ती येथे २४०० वरच चालेल. त्या वेगासाठी जास्त पैसे मात्र मोजू नयेत.

प्रतिसाद २
माझे मत थोडे वेगळे आहे. खरेदीपूर्वी लॅपटॉप अडलेला असतानाच टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावरील ‘कमिटेड’ (चालू प्रोग्रॅमनी मागितलेली एकूण मेमरी) हा आकडा पाहावा. तो ८ जीबीच्या बराच वर जात असेल आणि डिस्कही सतत व्यस्त दिसत असेल, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. तसे नसेल आणि आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर तेच पैसे आधी एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) घालणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्नकर्ता
एसएसडी आधीपासूनच आहे. कमिटेडचा आकडा मीटिंगच्या वेळी १३ जीबीपर्यंत जातो, तेव्हा रॅमच घेतो. पण या मॉडेलमध्ये बाहेर एक आणि आत एक अशा दोन बॅटऱ्या आहेत; आतलीचे काय करावे?

प्रतिसाद १
हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले, कारण घाईत हीच गोष्ट राहून जाते आणि बोर्डावर वीज असतानाच पट्टी बसवली जाते. प्रथम चार्जर काढावा, सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जावे आणि कॉन्फिग, त्यानंतर पॉवर येथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडावे. मशीन आपोआप बंद होते. मग बाहेरची बॅटरी काढून खालचे झाकण उघडावे आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी.

पट्टीची खाच स्लॉटमधल्या दात्यासमोर आणून ती तिरकी आत सरकवावी. सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्यावरच ती खाली दाबावी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतात. पिनांची रुंद पट्टी बाहेर दिसत असेल तर ती अर्धवट बसली आहे. तशीच दाबू नये. झाकण लावून चार्जर जोडला की आतली बॅटरी पुन्हा सुरू होते. पहिल्यांदा पडदा उजळायला थोडा वेळ लागू शकतो, तेव्हा लगेच बंद करू नका. विंडोज सुरू झाल्यावर २४ जीबी दिसले की विंडोजची मेमरी डायग्नोस्टिक चाचणी एकदा पूर्ण चालवा, आणि तोपर्यंत दुकानाची पावती जपून ठेवा.