मदत हवी आहे: 'अकिरा'चा संच कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. बेळगावच्या मित्राकडे कात्सुहिरो ओतोमोंच्या 'अकिरा' या जपानी चित्रकथेचा (मांगा) पहिला खंड एका रात्रीत वाचला. तिसऱ्या महायुद्धानंतरचं निओ-टोकियो, मोटारसायकलवरची पोरं, आणि त्या कोसळणाऱ्या इमारती! एकेक खिडकी हातानं रेखलेली. डोळ्यांपुढून हलत नाही.

आता सहाही खंड हवेत, दोन हजारांवर पानं. २०१७ चा कृष्णधवल संच उजवीकडून डावीकडे वाचायचा, मूळ जपानीसारखा. सगळ्यात पहिली इंग्रजी आवृत्ती रंगीत. मला कृष्णधवलच खरा वाटतो, पण दोन्ही हाताळलेल्यांनी सांगावं.

आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते. एवढ्या जाड खंडांची बांधणी टिकते का? निपाणी, कोल्हापूरकडे कुणाकडे संच असेल तर बघायला येईन.