'नो डिप्रेशन': अंकल टुपेलोच्या पहिल्या अल्बमला एवढा मान का? (एक चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

मुळारंभ

जून 1990 मध्ये अंकल टुपेलो या अमेरिकन बँडचा 'नो डिप्रेशन' आला. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावची तीन पोरं: जे फरार, जेफ ट्वीडी आणि ड्रमवर माइक हायडॉर्न. त्या जानेवारीत बोस्टनच्या फोर्ट अपाची स्टुडिओत दहा दिवसांत, साडेतीन हजार डॉलरमध्ये त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला. रॉकव्हिल नावाच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने काढला. आज 'ऑल्ट-कंट्री', म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाचं कंट्री संगीत आणि पंक-रॉक यांची सरमिसळ, म्हटलं की उगम म्हणून याच अल्बमकडे बोट दाखवलं जातं.

माझं म्हणणं असं, की उगमाचा हा दावा टिकत नाही, आणि त्यापायी अल्बमवर अन्यायच झाला. लोक त्यात कंट्री शोधत बसतात. मुळात हा पंक, म्हणजे वेगवान, खडबडीत रॉकचा अल्बम आहे. फक्त तो करणाऱ्यांना जुनं कंट्री गाणं कसं रचतात ते पक्कं ठाऊक होतं.

'व्हिस्की बॉटल' नीट ऐका. सुरुवातीला साधी अकूस्टिक गिटार, मागे रिच गिल्बर्टची पेडल स्टील (कंट्रीतली आडवी ठेवून वाजवायची गिटार), संथ चाल. आपण एका दुःखी कंट्री गाण्यात स्थिरावतो. आणि ध्रुवपद आलं की इलेक्ट्रिक गिटार अंगावर येते. पुन्हा शांत, पुन्हा तोच हल्ला. कडव्यात माणूस स्वतःला सावरून बोलतोय, ध्रुवपदात त्याचा ताबा सुटतोय. सगळं गाणं हळू वाजवलं असतं तर चारचौघांसारखं झालं असतं. सगळं जोरात वाजवलं असतं तरी तेच. ते जिथे तुटतं तिथेच त्याचा जीव आहे.

'ग्रेव्हयार्ड शिफ्ट'मध्ये तर बँड चालत्या गाण्यात खाडकन थांबतो आणि तिघं एकाच ठोक्यावर परत सुरू होतात. ही शिस्त मिनिटमेनसारख्या पंक बँडांकडून आली आहे, कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलकडून नाही. इतक्या कमी पैशात, पहिल्याच खेपेला इतकं घट्ट वाजवणारे बँड मला फार माहीत नाहीत.

काळीपाच

वादनाबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आशयावर आहे. त्या वेळी फरार तेवीस वर्षांचा, ट्वीडी बावीसचा. एक आईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम केलेला, दुसरा सेंट लुईच्या रेकॉर्डच्या दुकानात. आणि गाणी कशावर? कारखान्याचा पट्टा, रात्रपाळी, दारूची बाटली.

शीर्षकगीत तर कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक कुटुंबाने 1936 मध्ये मुद्रित केलेलं. तेव्हा महामंदीने माणसं खरोखर देशोधडीला लागली होती. मंदी नसलेली जागा आता फक्त स्वर्गच, असं म्हणणाऱ्याचं त्यात सगळं पणाला लागलं होतं. ते गाणं 1990 मध्ये रेकॉर्डच्या दुकानात वाढलेल्या पोरांनी गायचं, म्हणजे दुसऱ्याचं दुःख अंगावर घालून मिरवणं. आवाज कितीही खरा वाटला तरी अनुभव उसना आहे, आणि मला तो ऐकताना जाणवतो.

मिसिसिपीकाठ

काळीपाच, मी सेंट लुईला राहते. बेलव्हिल नदीपलीकडे, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. हे गाव कोळशाच्या खाणींवर आणि लोखंडी स्टोव्ह ओतणाऱ्या भट्ट्यांवर उभं राहिलं. त्या खाणी आणि भट्ट्या एकेक करून बंद पडल्या. स्टॅग बिअरची तिथली ब्रुअरी 1988 मध्ये बंद झाली, म्हणजे हा अल्बम मुद्रित व्हायच्या जेमतेम दोन वर्षं आधी. ट्वीडीचे वडील रेल्वेत नोकरीला होते. माझ्या ऑफिसात त्या भागातली माणसं आहेत. ज्याच्याशी बोलावं त्याच्या घरात कुणीतरी पाळीवर काम केलेलं असतं.

आता 'फॅक्टरी बेल्ट' परत ऐका. गाणारा स्वतः कामगार असल्याचा आव आणतच नाही. आपल्याला त्या पट्ट्यावर जायचं नाही, एवढंच तो कळवळून सांगतोय. बापाचा थकवा रोज जेवणाच्या टेबलावर बघणाऱ्या मुलाचं ते गाणं आहे. त्याला उसना अनुभव कसं म्हणता?

ठोका

मुळारंभ, उगमाबद्दल पूर्ण सहमत. ग्रॅम पार्सन्स आणि त्याचा बँड फ्लाइंग बरिटो ब्रदर्स 1969 मध्येच कंट्री आणि रॉक एकत्र करून बसले होते. ऐंशीच्या दशकात रँक अँड फाइल, जेसन अँड द स्कॉर्चर्स, लाँग रायडर्स. पंक आणि कंट्रीची सांगड अंकल टुपेलोच्या आधी कैक वेळा घातली गेली.

पण 'व्हिस्की बॉटल'मधलं जे तुम्हाला बलस्थान वाटतं तेच मला दुबळं वाटतं. हळू-जोरात, हळू-जोरात. दोन-तीन गाण्यांनंतर पुढे काय होणार ते आधीच कळतं. शब्द कमी पडले की गिटारचा आवाज वाढवायचा. याच बँडचा 1992 चा 'मार्च 16–20, 1992' लावून बघा. आर.ई.एम. या रॉक बँडच्या पीटर बकने जॉर्जियात पाच दिवसांत करून दिला. जवळजवळ सगळा अकूस्टिक, जुनी लोकगीतं आणि त्यांच्या शेजारी यांची स्वतःची. लपायला जागाच नाही. या बँडला खरा मान द्यायचा तर तो त्या अल्बमला द्या. पहिल्यात ट्वीडी गीतकार म्हणून अजून कच्चा आहे, सगळा भार फरारवर पडतो.

मुळारंभ

ठोका, पार्सन्सचं नाव काढलंत ते बरं झालं. याच बँडने 1990 मध्ये 'आय गॉट ड्रंक' हे सिंगल काढलं, त्याच्या दुसऱ्या बाजूला बरिटो ब्रदर्सचं 'सिन सिटी' आहे. म्हणजे आपण कुणाच्या वाटेने चाललोय हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. मूळपुरुषाचा मुकुट चढवला तो नंतरच्यांनी. अमेरिका ऑनलाइन या तेव्हाच्या इंटरनेट सेवेवर चाहत्यांचा एक कट्टा याच अल्बमच्या नावाने चालायचा, आणि 1995 मध्ये पीटर ब्लॅकस्टॉक आणि ग्रँट ऑल्डन यांनी तेच नाव घेऊन मासिक काढलं. तोवर बँड फुटून वर्ष झालं होतं. फरारचा सन व्होल्ट आणि ट्वीडीचा विल्को हे नवे बँड उभे राहत होते.

1992 चा अल्बम मलाही फार प्रिय आहे. पण त्यातला फरार आधीच प्रौढ आहे, निवांत आहे. पहिल्या अल्बममधली धडपड तिथे नाही, आणि मला ती धडपड हवी आहे.

काळीपाच

मिसिसिपीकाठ, 'फॅक्टरी बेल्ट'बद्दल तुमचं पटलं. बापाच्या थकव्याचा मुद्दा मी धरला नव्हता. पण शीर्षकगीताचं काय? ते श्रद्धेचं गाणं आहे. 'व्हिस्की बॉटल'मध्ये हाच फरार येशूच्या जागी, तात्पुरती का होईना, बाटली ठेवतो. मग त्याच तोंडाने स्वर्गाची ओढ गायची? दोन्ही खरं कसं असेल?

मिसिसिपीकाठ

दोन्ही खरं आहे म्हणूनच तर अल्बम टोचतो. अभंग गाणाऱ्याकडे आपण वारीचा दाखला मागत नाही; त्याने सूर आणि शब्द कसे सांभाळले ते बघतो. फरारने कार्टर फॅमिलीची चाल कुठेही वाकवलेली नाही. गिटारचा गोंगाट नाही, आवाजात नाटक नाही, कुठे टिंगल नाही. आजूबाजूच्या गाण्यांत एवढा कल्लोळ असताना हे एक गाणं हात न लावता ठेवलंय. त्याचा विश्वास होता की नव्हता हे मला ठाऊक नाही, आदर मात्र स्वच्छ ऐकू येतो.

आणि ठोका, ट्वीडी कच्चा म्हणताना 'स्क्रीन डोअर' वगळलंत. पोर्चवर बसून चार मित्र वाजवतायत, एवढंच गाणं. कुणाकडे पैसा नाही, कुणी त्याचं भांडवलही करत नाही. फरारच्या जड गाण्यांमध्ये ते नसतं तर अल्बम एकसुरी झाला असता.

ठोका

'स्क्रीन डोअर' गोड आहे, मान्य. एका गोड गाण्याने गीतकार पिकत नाही. विल्कोचा ट्वीडी ऐकलेल्या माणसाला इथला ट्वीडी अजून सूर शोधताना दिसतो. हळू-जोरातच्या साच्याबद्दल तर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

सूरपेटी

मी देते. 'नो डिप्रेशन'च्या 2014 च्या आवृत्तीत 1989 ची डेमो कॅसेट, म्हणजे अल्बमआधीचं कच्चं ध्वनिमुद्रण, सबंध दिली आहे. इलिनॉयमध्येच, शॅम्पेन गावात केलेली. ती आणि अल्बम पाठोपाठ ऐका. बरीचशी गाणी डेमोत तयारच आहेत, तुम्ही ज्याला साचा म्हणता तोही आहे. म्हणजे ती स्टुडिओतली युक्ती नव्हती. बारमध्ये वाजवत वाजवत घडलेली त्यांची स्वतःची पद्धत होती. पॉल कोल्डेरी आणि शॉन स्लेड या निर्मात्यांनी तिला फक्त वजन दिलं.

शीर्षकगीतासाठी 2003 च्या आवृत्तीत त्याचा 1988 चा डेमो मिळेल. अल्बमच्या दोन वर्षं आधीपासून ही मुलं ते गात होती. काळीपाच, दुःख अंगावर घालून मिरवणारा एवढा काळ एक जुनं भक्तिगीत सांभाळत बसत नाही.