घमेल्याभोवतीच्या गप्पा: कुष्ठबाधितांचे स्वयंकाळजी गट, अनुभव लिहा

कडुनिंब: माळा आवरताना गटाचं जुनं घमेलं सापडलं, काठाला तेलाचा थर तसाच. म्हणून हा धागा. काय जमतं, काय फसतं ते लिहा. माझ्याकडून एवढंच: ८-१० जण, महिन्यातला ठरलेला वार, जमिनीवर गोल. "मन मोकळं करा" म्हटलं की सगळे मुके होतात. पाय पाण्यात बुडले की २० मिनिटं कुणाला उठता येत नाही, मग जिभा आपोआप सुटतात. पाणी साधंच. गरम नको, बधिर पायाला चटका कळत नाही.

फिजिओताई: +१. भिजल्यावर घट्टे वज्रीनं घासायचे, पण वज्री झिजलेली हवी. ब्लेड घेऊन बसणारा एक तरी असतोच, आधी काढून घ्या. आणि तेल पाय ओलसर असतानाच लावा. पार कोरडे केले की भिजवणं फुकट, ओल आत राहत नाही.

वऱ्हाडी ठेचा: रात्री मात्र तेल पुसून झोपा. उंदीर.

रानवारा: उंदीर??

वऱ्हाडी ठेचा: थट्टा नाही. तेलाचा वास, त्यात पाय बधिर. कुरतडल्याचं सकाळी रक्त दिसल्यावरच कळतं. मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचायची.

चांदणी: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मधुमेहींना त्याच गटात घ्या. त्यांचेही पाय बधिर, तेच घट्टे, त्याच जखमा. नाव 'पायाची काळजी गट' ठेवा, म्हणजे कोण कशासाठी आलंय हे गावाला कळत नाही.

रानवारा: हे पटत नाही. लपवून कलंक जातो का? उलट पक्का होतो.

चांदणी: पहिले काही महिने तरी आडोसा लागतो हो. उघड बोलायचं की नाही ते गटातल्यांनी ठरवायचं, आपण नाही. 'महारोग' शब्द मात्र पहिल्या दिवसापासून बंद, म्हाताऱ्यांच्या तोंडीसुद्धा.

फिजिओताई: चहा विसरू नका! स्टीलचे पेले नकोत, बोटं भाजतात आणि कळत नाही. कानाचे कप, तेही सगळ्यांना सारखेच. डॉक्टर आले तर त्यांनाही तोच कप. पाहुण्यांसाठी वेगळा काचेचा ग्लास निघाला की वर्षभराचं काम पाण्यात.

वऱ्हाडी ठेचा: सोबत चिवडा हवा. बाकी चर्चा नंतर :)

रानवारा: गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांचं काय करता?

कडुनिंब: पुष्कळदा कारण रंगाचं असतं. क्लोफॅझिमिन या गोळीनं कातडी काळवंडते, आणि बहुजिवाणू प्रकारात (अंगात जंतू जास्त असतात तो) ही गोळी १२ महिने घ्यायची असते. लोक विचारतात, माणूस घरात बसतो. म्हणून गटात सराव घ्यायचा. एकीनं शेजारीण व्हायचं: "काय गं, एवढी काळी कशानं पडलीस?" दुसरीनं खाली न बघता सांगायचं: "औषधाचा रंग आहे, कोर्स संपला की हळूहळू उतरतो." पाच-सहा वेळा म्हणवून घ्या, पहिल्यांदा आवाज फुटत नाही. गोळ्या सुरू झाल्या की रोग पसरायचा थांबतो, हे वाक्यही तसंच घोटून घ्या. रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवी लाल होते ते आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद.

वकीलकाकू: घटस्फोटाची धमकी आली की हे सांगा: २०१९च्या दुरुस्तीनं पाच कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण काढून टाकलंय. कागदाची झेरॉक्स गटाच्या वहीत ठेवा. तोंडी सांगितलेलं सासरचे ऐकत नाहीत.

फिजिओताई: एक राहिलं. नस ठणकते, पापणी मिटत नाही, पाऊल अचानक लुळं पडलं, तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. ती रिअ‍ॅक्शन असते, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर उसळतं आणि नसा सुजतात. त्याच दिवशी दवाखाना. स्टेरॉइड वेळेवर मिळालं तर नस वाचू शकते. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाच्या नेहमीच्या गोळ्या, मात्र चालूच.

चांदणी: तेल कुठलं वापरता? करडईचं परवडतंय का आता?

वऱ्हाडी ठेचा: फोडणीला परवडेना, पायाला कुठून! खोबरेल बघा.

फिजिओताई: कडुनिंब, ते घमेलं लोखंडी आहे का? काठाला पत्रा सुटलाय का बघा. प्लास्टिकचा टब घ्या त्यापेक्षा.