मदत हवी आहे: दोन सी६६७८ डीएसपींमधला डीएमए कॉर्नर टर्नला रखडतोय

नमस्कार मंडळी,

रडारच्या सिग्नल प्रोसेसरवर काम चालू आहे. टीएमएस३२०सी६६७८ चे दोन डीएसपी (सिग्नल प्रोसेसिंगच्या चिप), मध्ये हायपरलिंक (त्यांना जोडणारी वेगवान लिंक), चार लेन, प्रत्येकी ६.२५ गिगाबॉड. पहिला पल्स कॉम्प्रेशन करतो, दुसरा डॉप्लर एफएफटी. पहिल्याकडे डेटा पल्सवार ओळींत असतो, दुसऱ्याला तो रेंज गेटवार (अंतराच्या कप्प्यांनुसार) हवा. म्हणजे मध्ये कॉर्नर टर्न (ओळींचे स्तंभ करणं) आलाच. एका चॅनेलचं मॅट्रिक्स ५१२ बाय ५१२, दर सॅम्पल ८ बाइट, म्हणजे २ एमबी. असे दोन चॅनेल. पीआरआय (दोन पल्समधला काळ) २० मायक्रोसेकंद, त्यामुळे फ्रेम १०.२४ मिलिसेकंदांची.

८बी-९बी एन्कोडिंग (८ बिटांमागे ९ बिट जातात) वजा जाता लिंकवरून सेकंदाला साधारण २.७७ जीबी जायला हवेत, म्हणजे ४ एमबीला दीड मिलिसेकंद. ओळी आहेत तशा पाठवल्या तर दोन लागतात, तक्रार नाही. पण ईडीएमएकडूनच (चिपमधला डीएमए, सीपीयूविना डेटा हलवणारा) कॉर्नर टर्न करून घेतला की थेट १४! फ्रेमच संपून जाते.

सेटिंग असं: एबी-सिंक, एसीएनटी (एका तुकड्याचे बाइट) ८, बीसीएनटी (तुकड्यांची संख्या) ५१२, सोर्सचा बीइंडेक्स (एका तुकड्यापासून पुढच्यापर्यंतचे बाइट) ४०९६, डेस्टिनेशनचा ८. सोर्स डीडीआर३ मध्ये (चिपबाहेरची मेमरी) आहे, कारण पिंग-पाँग (एक भरताना दुसरा वापरायचा, असे दोन बफर) धरून ८ एमबी होतात आणि एमएसएमसी (चिपमधली सामाईक मेमरी) ४ एमबीचीच.

करून पाहिलेले उद्योग: दुसऱ्या बाजूने डेटा ओढून घेतला, तर आणखी हळू झालं (रीडला प्रत्येक वेळी उत्तराची वाट पाहावी लागते, ते कळतं). एका सहकाऱ्याने कंपायलरला ओ३ (ऑप्टिमायझेशनची पातळी) लावायला सांगितलं. लावलं. डीएमएला त्याचं काय! त्याआधी दोन दिवस तर सोर्सला एल२ (कोअरची स्वतःची मेमरी) चा लोकल पत्ता, हेक्समध्ये ००८०००००, देऊन बसलो होतो. ईडीएमएला ग्लोबल पत्ताच लागतो, कोअर ० साठी १०८०००००. ती चूक सुधारली आहे, कृपया तीच परत सुचवू नका.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद:
तुमची लिंक रिकामी बसली आहे, अडलंय ते एसीएनटीवर. ८ बाइटचा प्रत्येक तुकडा टीसीला (ईडीएमएमधला प्रत्यक्ष डेटा वाहणारा भाग) वेगळी कमांड वाटतो. लागून असलेले तुकडे टीसी स्वतः जोडतो, पण त्यासाठी दोन्हीकडचा बीइंडेक्स एसीएनटीइतकाच हवा. तुमचा सोर्सचा ४०९६ आहे, म्हणजे जोडणं बंद. त्यात डीडीआर३ चा एक बर्स्ट ६४ बाइटचा. दर वेळी ६४ उचलता, ८ ठेवता, ५६ फेकता.

कॉर्नर टर्न लिंकवर करूच नका. डीडीआरमधून ६४ बाय ६४ ची टाइल एल२ मध्ये आणा, कोअरकडून फिरवून घ्या आणि फिरवलेली टाइल ५१२ बाइटच्या ओळींनी पलीकडे ढकला. ढकलायला सीसी० (ईडीएमएचा एक कंट्रोलर) वापरा. त्याची बस २५६ बिटांची आणि घड्याळ सीपीयूच्या निम्म्याने चालतं. सीसी१ आणि सीसी२ ची बस १२८ बिटांची, घड्याळ एक तृतीयांशाने.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, फक्त टाइल ३२ बाय ३२ ची घ्या. ६४ ची आत एक आणि बाहेर एक धरली की ६४ केबी होतात, एल१डी (कोअरला सर्वांत जवळची डेटा कॅश) ३२ केबीची. ३२ ला एसीएनटी २५६ राहतो, तेवढा पुरतो.
आणि कॅश विसरू नका. आपल्याच एल२ एसरॅममध्ये डीएमएने लिहिलं तर हार्डवेअर एल१डी सांभाळतं. पलीकडच्या डीडीआरचं तसं नाही, तिथे वाचण्याआधी इनव्हॅलिडेट (कॅशमधली जुनी प्रत रद्द) करावं लागतं. बफर १२८ बाइटला अलाइन हवेत, नाहीतर इनव्हॅलिडेट करताना शेजारच्या व्हेरिएबलचा बळी जातो. आमच्याकडे गेलाय, म्हणून सांगतो.

धागाकर्ता:
दोघांचे आभार! ३२ ची टाइल आणि सीसी०, दोन्ही चॅनेल मिळून आता सव्वातीन मिलिसेकंद.

मध्ये एक भूत निघालं होतं. अधूनमधून एखाद्या फ्रेमच्या शेवटच्या काही ओळी जुन्याच यायच्या. कॅशवर संशय घेऊन सगळीकडे इनव्हॅलिडेट पेरलं, काही फरक नाही. शेवटी ऑप्ट रजिस्टर (ट्रान्सफरचे पर्याय ठरवणारं) बिट-बिट वाचलं तर टीसीसीमोड १! जुन्या प्रोजेक्टमधून उचललेला पॅरॅम सेट (ट्रान्सफरच्या सेटिंगचा संच). या मोडमध्ये विनंती टीसीकडे सोपवली की लगेच 'झालं' असा निरोप मिळतो, डेटा वाटेत असला तरी. मी त्या निरोपावर पलीकडे इंटरप्ट मारत होतो. ० केल्यावर भूत गेलं.

आता चार चॅनेलची मागणी आली आहे, म्हणजे साडेसहा मिलिसेकंद. बसतं, पण सीसी० चे दोनच टीसी, आणि कंट्रोलचे छोटे ट्रान्सफर माझ्या टाइलींमागे रांगेत अडकतात. ते सीसी१ वर हलवले, तर पलीकडे टाइल आणि तिचा निरोप यांचा क्रम उलटण्याची भीती वाटते. असं वेगळं ठेवून कुणी चालवलं आहे का?